रखमाबाईंचा नकार, कागदोपत्री

१८८४च्या मार्च महिन्यात मुंबईतल्या चॉक अँड वॉकर या सॉलिसिटरांच्या कचेरीतून डॉ. सखाराम अर्जुन यांच्या नावे एक पत्र गेले. आमचे अशील दादाजी भिकाजी यांची लग्नाची बायको तुमच्या घरी राहते, तिला नवऱ्याकडे नांदायला जाण्यात तुम्ही आडकाठी करू नये, असा त्याचा आशय. पत्र सावत्र वडिलांना होते. ज्या मुलीबद्दल ते लिहिले होते ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पण तिचे स्वतःचे काही म्हणणे असेल हे पत्राने गृहीतच धरले नव्हते.

सखाराम अर्जुन यांनी सभ्यपणे कळवले की आपण तिला अडवलेले नाही. वरवर पाहता हे अंग काढून घेणारे उत्तर वाटते. पण वडील अडवत नसतील, तर अडवते कोण, हा प्रश्न त्या उत्तराने उभा केला आणि पुढची चार वर्षे तो मिटला नाही. लवकरच डॉक्टरांनाही वकील गाठावे लागले. पेन, गिल्बर्ट अँड सयानी यांच्यामार्फत जी कारणे देण्यात आली ती रखमाबाईंच्या नावाने देण्यात आली. त्यांच्या नकाराची कागदावरची पहिली नोंद ती.

रखमाबाईंच्या निर्धाराची गोष्ट आपल्याकडे आता फार थोडक्यात सांगितली जाते. नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करेन असे त्या म्हणाल्या, राणी व्हिक्टोरियाने त्यांचे लग्न रद्द केले आणि मग त्या डॉक्टर झाल्या. यातले पहिले खरे, तिसरे खरे, मधले खरे नाही. त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण या सांगण्यात मला जास्त खटकते ते हे की त्यात निर्धार सुरुवातीपासून पुरा घडलेला दिसतो. कागद तारखेवार लावून वाचले की तो तसा दिसत नाही. आधी तो वकिलाच्या भाषेत बोलतो, मग टोपणनावाआडून, मग एका न्यायमूर्तीच्या तोंडून, आणि सगळे बाजूला झाल्यावर स्वतःच्या नावाने. प्रत्येक वेळी त्याचे कारणही थोडे बदललेले असते. हा बदल पाहण्यासारखा आहे.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या दोन-अडीच वर्षांच्या वयातच वारले. आई जयंतीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. हे कुटुंब सुतार जातीचे, आणि त्या जातीत विधवेने पुन्हा लग्न करायला मनाई नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुराशी लग्न केले आणि पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ता वाचकाने ध्यानात ठेवावी. दादाजींच्या बाजूने पुढे जे लिहिले गेले ते बरेचसे तिच्याभोवती फिरते.

सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, वनस्पतींचे जाणकार. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी गृहस्थ होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. इतक्या सुधारलेल्या घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी सावत्र वडिलांच्या नात्यातला, वय एकोणीस. बोली अशी ठरली की त्याने घरजावई होऊन राहावे, खर्च सासरच्यांनी करावा, आणि त्याने शिकून चांगले नाव काढावे. सहा महिन्यांत मुलीला न्हाण आले, गर्भाधानाचा विधीही झाला. पण इतक्या कोवळ्या वयात शरीरसंबंध होऊ देणे डॉक्टरांना मान्य नव्हते आणि त्यांनी तो होऊ दिला नाही. माझ्या मते या खटल्याचा खरा आरंभ इथे आहे. चालत आलेल्या रीतीला कोणीतरी प्रथम ‘थांबा’ म्हटले ते एका वैद्याने, वैद्यकाच्या कारणाने.

विसाव्या वर्षी शाळेच्या सहाव्या इयत्तेत बसायची पाळी आलेल्या दादाजींना ते घर जाचले. ते निघाले आणि मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहू लागले. रखमाबाईंनी त्या घरी जायचे नाकारले. मधल्या काळात त्या फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके आणून घरीच वाचत होत्या. आईबरोबर प्रार्थना समाजात आणि आर्य महिला समाजाच्या बैठकींना जात होत्या. अशी सात-आठ वर्षे गेली. कायद्याच्या दृष्टीने या वर्षांत काहीच घडले नाही. एका मुलीचे वाचन झाले, एवढेच.

मग दादाजींनी न्यायालयात लावलेला दावा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे बायकोने नांदायला यावे असा होता. हा दावा धर्मशास्त्रातून आलेला नाही. इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांत तो वाढला आणि इंग्रजी न्यायालयांबरोबर हिंदुस्थानात आला. १८८२च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २६० प्रमाणे असा हुकूमनामा न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येई किंवा त्याला कैदेत टाकता येई. इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या देशापुरती ही कैद १८८४ साली कायदा करून काढून टाकली. म्हणजे दादाजींच्या वकिलांची नोटीस निघाली त्याच वर्षी लंडनमधल्या बाईची या शिक्षेतून सुटका झाली, मुंबईतल्या बाईची झाली नाही.

या दाव्याला उत्तर म्हणून रखमाबाईंच्या बाजूने तीन कारणे देण्यात आली. स्वतःचे व बायकोचे पोट भरण्याची आणि निवाऱ्याची वादीची ऐपत नाही, हे पहिले. वादीची प्रकृती नीट नाही, त्याला दम्याचा त्रास आहे आणि क्षयाची लक्षणे दिसतात, हे दुसरे. वादी ज्याच्या आश्रयाने राहतो त्या माणसाचे चारित्र्य, हे तिसरे.

तिन्ही कारणे दादाजींबद्दलची आहेत. प्रतिवादीला काय हवे आहे, याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. अकराव्या वर्षी मला कोणी विचारले नव्हते, किंवा मला या माणसाशी संसार करायचा नाही, हे वाक्य त्यात शोधून सापडत नाही. सापडणार कसे? तो बचाव कोणत्याही न्यायालयाला माहीत नव्हता. इंग्रजी रिवाजाप्रमाणे छळ किंवा व्यभिचार सिद्ध केला तर बायकोला नवऱ्याकडे जाणे टाळता येई. नापसंती हे कारण नव्हते. वकिलांनी कायद्याच्या दारातून आत जाऊ शकतील अशीच कारणे निवडली. त्यांचे काम त्यांनी चोख केले, पण रखमाबाई काय म्हणत होत्या ते कळण्यासाठी दुसरा कागद उघडावा लागतो.

तो कागद म्हणजे २६ जून १८८५च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तले पत्र. सही ‘एक हिंदू स्त्री’ अशी होती. बेहरामजी मलबारी यांनी आदल्या वर्षी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर काढलेल्या टिपणांनी देशभर वाद पेटवला होता, आणि हे पत्र त्या वादात उतरले होते. पण मलबारी दुसऱ्यांच्या दुःखाबद्दल लिहीत होते. या पत्रातली बाई पहिल्याच परिच्छेदात सांगते की बालविवाहाने जिचे आयुष्य नासले अशांपैकी मी एक आहे. तिची तक्रार कशाबद्दल आहे ते पाहा. सगळ्यात प्रिय असलेल्या गोष्टीच्या, म्हणजे शिक्षणाच्या आणि मनाच्या वाढीच्या आड ही चाल येते, अशी ती तक्रार आहे. काही अपराध नसताना कोंडून राहावे लागते, आणि अडाणी राहिलेल्या बहिणींपेक्षा वर येण्याची इच्छा धरली की लोक वाईट अर्थ काढतात, हेही ती लिहिते.

दादाजींचे नाव नाही. दमा नाही, मामा नाही, पैसा नाही. वकिलांच्या कागदात जे होते त्यातले काही इथे नाही, आणि इथे जे आहे त्यातले काही तिथे नव्हते. एकाच माणसाचा एकाच वेळचा नकार दोन कागदांत इतका वेगळा बोलावा, याला मी विसंगती म्हणणार नाही. न्यायालयाने विचारले की हा नवरा का नको, त्याचे उत्तर एक. तिने स्वतःला विचारले की हे आयुष्य का नको, त्याचे उत्तर दुसरे.

दुसरे पत्र १९ सप्टेंबरला आले, सक्तीच्या वैधव्यावर. विधवेच्या हालांबद्दल लिहिणाऱ्या या बाईची आई विधवा होऊन पुन्हा सौभाग्यवती झालेली होती, हे वाचकांना तेव्हा माहीत नव्हते. आणि त्याच वर्षी, खटल्याचा निकाल लागण्याआधी, सखाराम अर्जुन वारले. ज्यांच्या नावे पहिली नोटीस आली होती, मुलगी ज्यांच्या सांगण्यावरून हट्ट धरते असे म्हणता आले असते, ते आता नव्हते. नकार मात्र उरला. सखाराम अर्जुन गेल्यावरही तो तसाच राहिला, ही बाब दोन्ही पक्षांच्या छापील युक्तिवादांपेक्षा मला अधिक बोलकी वाटते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दावा फेटाळला. प्रतिवादीच्या तीन कारणांत ते शिरलेच नाहीत. मुळात हा दावाच चालू शकत नाही, असे त्यांचे मत पडले. पती-पत्नी एकत्र राहत असतील आणि एकाने घर सोडले असेल, तर पूर्वीची स्थिती पुन्हा आणा असे म्हणता येते. इथे संसार कधी सुरूच झाला नव्हता. मग पुनःस्थापना कशाची? असहाय बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या जोरावर एका तरुण स्त्रीला, जो तिला आवडत नाही त्याच्या स्वाधीन व्हायला भाग पाडणे हे त्यांना क्रूर आणि किळसवाणे वाटले, आणि तसे त्यांनी कडक शब्दांत नोंदवले. हिंदू कायद्यात अशा सक्तीला आधार नाही, इंग्रजी कायद्यातला आधार प्रौढ आणि राजीखुशीच्या लग्नांसाठी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

कैफियतीत न आलेला नापसंतीचा मुद्दा असा निकालपत्रात आला, तोही न्यायमूर्तींच्या तोंडून. रखमाबाईंच्या मनातले जे त्यांच्या वकिलांना मांडता आले नाही ते पिन्हींनी मांडले. आणि नेमके तेच कायद्याच्या कसोटीवर टिकले नाही.

निकालावर उठलेल्या गदारोळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी थोडक्यात आटोपतो. विश्वनाथ नारायण मंडलिकांचे ‘नेटिव्ह ओपिनियन’ दादाजींच्या बाजूने होते. पुण्यात टिळकपक्षाचा आक्षेप असा की पिन्हींना हिंदू कायद्याचे मर्मच कळले नाही. हिंदूंचे लग्न हा संस्कार आहे, करार नव्हे, आणि परक्या न्यायाधीशाने त्यात हात घालू नये. या आक्षेपातला सरकारविरोध खरा होता, हे मी नाकारत नाही. पण ज्या सक्तीचे समर्थन चालले होते ती सक्तीच परक्या चर्चची देणगी होती, आणि तिच्यासाठी परक्याच सरकारचा तुरुंग लागणार होता, याकडे त्या बाजूने पाहिले गेले नाही.

अपिलात १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निर्णय फिरवला. संसार सुरू झालेला असो वा नसो, हिंदू पती-पत्नींत असा दावा चालतो, असे त्यांनी ठरवले. प्रिव्ही कौन्सिलने १८६७ साली एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात दिलेल्या निर्णयाचाही त्यात आधार होता. खटला पुन्हा खाली आला. आता तो न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे होता. रखमाबाईंच्या वकिलांत इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. ४ मार्च १८८७ रोजी हुकूम झाला: महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. डॉक्टर होऊन परतलेली, अजून बावीस वर्षांचीही न झालेली मुलगी. महाराष्ट्रातल्या शिकलेल्या बायकांनी तो आठवडा कसा काढला असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता तो कागद येतो ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले. १८ मार्च १८८७ रोजी, हुकुमाला दोन आठवडे झाल्यावर, रखमाबाईंनी मुंबईहून एका मैत्रिणीला पत्र लिहिले. त्यातला उतारा पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात छापला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. वर्तमानपत्रातली पत्रे लोकांसाठी होती, बेतून लिहिलेली होती. हे एका बाईने दुसरीला लिहिलेले आहे.

त्या लिहितात की चार हजार वर्षांपूर्वीच्या रानटी काळात केलेले अमानुष कायदे या सुधारलेल्या युगात अमलात आणायचा विद्वान न्यायमूर्तींनी निश्चय केला आहे. पत्र इंग्रजीत आहे आणि निश्चयाचा शब्द त्यात न्यायमूर्तींच्या वाट्याला आला आहे. स्वतःबद्दल लिहिताना त्या तो वापरत नाहीत. हे पत्र तुला पोचेल तेव्हा मला तुरुंगात टाकलेले असेल, कारण फॅरनसाहेबांचा हुकूम मी पाळत नाही, मला तो पाळताच येत नाही, एवढेच त्या सांगतात. शौर्याची भाषा नाही, हुतात्मा होण्याची हौस नाही. ‘तुरुंग पत्करेन’ ही लोकप्रिय गोष्ट ज्या कागदांवर उभी आहे त्यांतला हा सगळ्यात जवळचा, आणि त्याचा सूर दंतकथेतल्या सुरापेक्षा कितीतरी थकलेला आहे.

खटल्याचा खर्चही माझ्यावर लादला, याचाही उल्लेख पत्रात आहे. सगळ्यांना समान न्याय देतो म्हणणाऱ्या सरकारच्या राज्यात, आणि जी स्वतः स्त्री आहे अशा राणीच्या राज्यात हे घडावे, याचे आश्चर्य आहे. निकाल देणाऱ्यांना पत्रात त्या ‘फुल बेंच’, म्हणजे न्यायमूर्तींचे पूर्ण पीठ, म्हणतात. हुकूम एकट्या फॅरन यांचा होता. पण त्या हुकुमाचा पाया अपिलातल्या दोघांनी घातला होता, आणि रखमाबाईंना ते सगळे मिळून एकच वाटले असतील तर त्यांचे वाचन फारसे चुकलेले नव्हते.

उताऱ्याचा शेवटचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. काही लोकांना वाटते, त्या लिहितात, की माझ्यावरच्या अन्यायामुळे लोकमत बायकांच्या बाजूला वळेल. मला उलटी भीती वाटते. आता सासवांना जोर चढेल. आजवर जे मुलगे बायकोला नांदवायला आणण्यात ढिले राहिले त्यांना त्या कोर्टात धाडतील, कारण इंग्रज सरकार हिंदू कायद्याच्या विरुद्ध जाणार नाही हे आता पक्के कळले आहे. हिंदू राज्य असो की इंग्रजी, बाईला आशा नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

म्हणजे आपल्या लढ्यातून काही भले निघेल असा विश्वास नसताना त्या हटत नव्हत्या. आपण सहसा निर्धाराला आशेचा जोडीदार मानतो. इथे आशा सोडलेली स्पष्ट दिसते आणि नकार जागचा हललेला नाही. या उताऱ्याखाली रमाबाईंनी लिहिलेले भाष्यही याच जातीचे आहे. त्यांना निकालाचे नवल वाटत नाही. एवढे प्रबळ कायदे, सरकार आणि देश एकीकडे असताना एका निराधार बाईने तोंड उघडले याचे नवल वाटते.

पण तीन आठवड्यांनी दुसरा कागद येतो आणि त्यात त्या पुन्हा मागणी करतात. ९ एप्रिल १८८७च्या लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले. ते राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष होते. या निमित्ताने आईने आपल्या लाखो हिंदी लेकींची विनवणी ऐकावी, असे आवाहन त्यात आहे. राणी व्हिक्टोरियाने लग्न मोडल्याची दंतकथा बहुधा या पत्रातून उगवली. म्हणून त्यात नेमके काय मागितले होते ते नीट पाहिले पाहिजे.

माझे लग्न रद्द करा, असे त्यात नाही. मागणी अशी आहे: मुलाची वीस आणि मुलीची पंधरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली लग्ने न्यायालयापुढे आली तर ती कायदेशीर मानू नयेत, एवढा थोडका बदल हिंदू कायद्याच्या पुस्तकांत करावा. अटक डोक्यावर असलेली बाई स्वतःसाठी सवलत न मागता कलमाचा मसुदा मागते आहे, वयाचे आकडे घालून. १८८४ साली ‘या नवऱ्याची ऐपत नाही’ इथून सुरू झालेला नकार तीन वर्षांत इथवर आला होता. आणि मागणीची रचना कायदा कळणाऱ्या माणसाची आहे. लग्ने बंद करा असे ती म्हणत नाही. बालपणीच्या लग्नाच्या आधारे न्यायालयाने कोणावर सक्ती करू नये, एवढेच ती म्हणते. पिन्हींच्या निकालात अपिलाला जी फट सापडली होती, नेमकी ती बुजवणारे हे कलम होते.

दादाजींनीही १८८७ सालीच आपली बाजू सांगणारी इंग्रजी पुस्तिका काढली. रखमाबाईंच्या माहेरच्यांचा डोळा मालमत्तेवर आहे, ती हातची जाऊ नये म्हणून त्यांनी मुलीला अडकवून ठेवले, हा पुस्तिकेचा गाभा. जूनअखेरीस ‘बॉम्बे गॅझेट’मधून रखमाबाईंनी तिला उत्तर दिले. दादाजींना खलपुरुष ठरवले की लिहिणे सोपे होते, पण मला ते रास्त वाटत नाही. लग्न ठरवताना त्यांनाही कोणी फारसे विचारले नसणार. दुसऱ्याच्या घरी राहून, दुसऱ्याने ठरवलेले शिक्षण घ्यायची अट त्यांच्यावर लादली गेली होती. त्यांचा राग समजतो. त्यांचा सिद्धान्त मात्र टिकत नाही. मालमत्ता राखायची असती तर हुकूम मोडणे हा सगळ्यात वेडा मार्ग होता, कारण कलम २६० प्रमाणे जप्ती त्या मालमत्तेवरच येऊ शकत होती. आणि सखाराम अर्जुन वारून दोन वर्षे झाली होती.

अटक झाली नाही. मुंबईत रखमाबाईंच्या बचावासाठी समिती उभी राहिली. मलबारी आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्सवर्थ हे त्यांचे मुख्य पाठीराखे होते. विलायतेत मॅक्स म्यूलर यांनी ‘टाइम्स’मध्ये लिहिले. सरकारलाही शिकलेल्या बाईला या कारणासाठी तुरुंगात घालणे अडचणीचे होते. जुलै १८८८मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली.

हा शेवट आहे. राणीचा हुकूम नाही, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल नाही. खटला तिथवर गेलाच नाही. लग्न मोडले असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. फॅरन यांचा निकाल कागदावर कायम राहिला, फक्त तो वापरायचा नाही असे पैसे देऊन ठरले. दंतकथेतली दयाळू राणी का हवीशी वाटते ते कळते. न्याय झाला असे वाटून बरे वाटते. पण त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक, सुटकेची किंमत रोख मोजावी लागली. दुसरी, राणीकडे जे मागितले ते मिळाले नाही.

दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. पुरुषाला त्या वेळच्या हिंदू कायद्यात त्यासाठी पहिले लग्न मोडावे लागत नव्हते. रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना बळ दिले होते. १८९४ साली पात्रता मिळवून त्या परतल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. नंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथे राहिल्या. हिंदुस्थानातली प्रत्यक्ष व्यवसाय करणारी पहिली डॉक्टर असा मान त्यांना दिला जातो, तो बरोबर नाही. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली १८८६पासून काम करत होत्या. पहिलेपणाशिवायही तीसेक वर्षांचा तो दवाखाना पुरेसा मोठा आहे.

१९०४ साली दादाजी वारले तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अनेकांना हे कोडे वाटते, काहींना पराभव. मी त्याचा अर्थ लावायला कचरतो, कारण याबद्दल त्यांच्या हातचा कागद माझ्यासमोर नाही. इतकेच म्हणता येते की कायद्याच्या दृष्टीने त्या १८७०च्या दशकापासून त्या दिवसापर्यंत दादाजींच्या पत्नी होत्या, आणि ते लग्न मृत्यूनेच संपले.

१८८७ साली मागितलेल्या कलमाचे काय झाले, ते कायद्याच्या पुस्तकांत पाहता येते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहावरून बारावर नेले, पण तो लग्नाबद्दल नव्हता, शरीरसंबंधाबद्दल होता. १९२३ साली वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठी कैद करण्याची तरतूद दिवाणी संहितेतून गेली. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरवले. रखमाबाईंनी बेचाळीस वर्षांपूर्वी पंधरा आणि वीस मागितले होते. शिवाय सारडा कायद्यात लग्न लावणाऱ्याला शिक्षा होती, पण लागलेले लग्न वैधच राही. त्यांच्या मागणीतला गाभा त्यात नव्हता. मुलीचे वय पंधरा व्हायला १९४९ उजाडले.

हिंदू विवाह कायद्याला १८ मे १९५५ रोजी मंजुरी मिळाली. रखमाबाई तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या. २५ सप्टेंबरला त्या वारल्या. या कायद्याने हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क दिला. त्याच्याच कलम ९मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही ठेवला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. इंग्लंडने हा दावा १९७० साली रद्द केला. आपल्याकडे तो आजही लावता येतो, आणि हुकूमनामा न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे.